चित्रात दिसली ती बाहुली

कुणी चूल आवरून, कुणी गुरांचं पाहून, कुणी शेतातून येऊन आत्ता रेडिओ लावला असेल.

आज हप्ता, व्याज, ठराव यांतलं काही बोलायचं नाही. आज बोलायचंय खेळण्यांच्या पुस्तकांबद्दल. या पुस्तकांत बाहुली, घोडा, भोवरा, आगगाडी यांची चित्रं असायची. प्रत्येक चित्राजवळ नंबर आणि किंमत असायची. घरी बसून चित्र बघायचं, नंबर लिहून पत्र टाकायचं, पैसे पाठवायचे, आणि माल टपालाने नाहीतर रेल्वेने यायचा. याला कॅटलॉग म्हणतात. शिलाईवालीकडे ब्लाउजच्या गळ्यांचा कॅटलॉग आपण सगळ्यांनीच चाळलाय. त्याच जातीचं हे पुस्तक.

तुम्ही म्हणाल, सहयोगिनीताई आज हे काय घेऊन बसल्या? पण आपल्या बैठकांत अलीकडे एक विषय सारखा निघतो. फोनवर चित्र पाहून पोरासाठी खेळणं मागवलं, आलं ते तळहाताएवढं. चित्रात मोटार चकाचक, हातात आली तेव्हा चाकच फिरेना. दुसरीकडे, आपल्याच गटांतल्या काही जणी कापडी बाहुल्या, हत्ती-घोडे, तोरणं करतात आणि फोनवर फोटो टाकून विकतात. म्हणजे चित्राच्या अलीकडेही आपण आहोत आणि पलीकडेही. घेणाऱ्याही आपण, विकणाऱ्याही आपण. हा व्यवहार काही फोनबरोबर जन्माला आलेला नाही. तो दोनशे वर्षांपेक्षा जुना आहे. त्यात कोण फसलं, कोण टिकलं, हे पाहिलं तर आपल्या कामाचं पुष्कळ सापडतं.

सुरुवात करू जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग गावापासून. खेळण्यांसाठी हे गाव शेकडो वर्षं प्रसिद्ध. तिथे बेस्टेलमायर नावाचा एक व्यापारी होता. साधारण १७९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत त्याने आपल्या दुकानातल्या मालाची चित्रांची पुस्तकं छापून काढली. तेव्हा फोटो नव्हते. तांब्याच्या पत्र्यावर बारीक कोरून चित्र तयार करायचं, त्यात शाई भरायची आणि कागदावर दाबून छाप उठवायचा. असं करत करत त्याच्या पुस्तकात हजारावर वस्तू झाल्या. बाहुल्यांची घरं, खेळातलं स्वयंपाकघर, भातुकलीची भांडी, खेळातलं दुकान, लोहचुंबकाची खेळणी, जादूचे प्रयोग, भिंतीवर चित्र पाडणारा कंदील, असं काय काय. प्रत्येकाला नंबर, आणि वस्तू काय आहे, कशी चालते याचं वर्णन.

यात नवीन काय होतं? तोवर खेळणं घ्यायचं म्हणजे जत्रेत जायचं नाहीतर दुकानात. आपल्यासारखंच. भोवरा हातात घ्यायचा, टोक बघायचं, फिरवून बघायचं, मग भाव करायचा. बेस्टेलमायरच्या पुस्तकाने हात लावणं काढून टाकलं. शंभर कोस लांबचा माणूस चित्रावर भरवसा ठेवून माल मागवू लागला. म्हणजे वस्तू हातात यायच्या आधी गिऱ्हाइकाच्या हातात काय असतं? फक्त चित्र आणि शब्द. एवढं आजच्या बोलण्यातलं ध्यानात ठेवा. कॅटलॉगमधलं चित्र हे नुसतं चित्र नसतं. ते वचन असतं. वस्तू नंतर येते, वचन आधी येतं.

अर्थात बेस्टेलमायरची गिऱ्हाइकं पैसेवाली होती. हा व्यवहार साध्या शेतकऱ्याच्या घरात नेला तो अमेरिकेत, माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या माणसाने. हा आधी गावोगाव फिरून माल विकणारा विक्रेता होता. खेड्यातला शेतकरी गावातल्या एकुलत्या एका दुकानदाराकडून दुप्पट-तिप्पट भावाने वस्तू घेतो, हे त्याने पाहिलं होतं. कारखान्यातून माल निघतो, मधे दोन-तीन हात बदलतात, प्रत्येक हात आपला नफा चढवतो. ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आपला कांदा-टोमॅटो बाजारात जातो तेव्हा उलट्या दिशेने हेच होतं.

वॉर्डने ठरवलं, मधले हात काढायचे. १८७१मध्ये शिकागो शहराला मोठी आग लागली, तिच्यात त्याने जमवलेला माल जळून गेला. तरी पुढच्याच वर्षी, १८७२मध्ये, त्याने पहिली यादी छापली. एकच कागद, त्यावर १६३ वस्तू. बहुतेक घरात लागणाऱ्या. खेळणी, बाहुल्या हे सगळं पुढच्या जाड पुस्तकांत आलं. अकरा वर्षांत त्या कागदाचं २४० पानांचं पुस्तक झालं आणि वस्तू झाल्या दहा हजार.

पण अनोळखी माणसाला पत्रातून पैसे कोण पाठवणार? इथे त्याला शेतकऱ्यांच्या एका संघटनेची साथ मिळाली. तिचं नाव ग्रेंज. १८६७मध्ये सुरू झालेली ही संघटना, आणि विशेष म्हणजे पहिल्यापासून तिच्यात बायका पूर्ण सभासद होत्या, मत द्यायच्या. हे कोणत्या काळात? अमेरिकेत देशाच्या निवडणुकीत सगळ्या बायकांना मत मिळालं १९२०मध्ये. त्याच्या पन्नास वर्षं आधीची ही गोष्ट. वॉर्डने या सभासदांना आपलं पहिलं गिऱ्हाईक केलं. एकटी बाई शिकागोच्या व्यापाऱ्याला घाबरेल. पण गट घाबरत नाही. एकाने मागवलं, चांगलं निघालं, की पुढच्या बैठकीत दहा जणांना कळतं. वाईट निघालं तरी दहा जणांना कळतं. व्यापाऱ्यालाही हे माहीत असतं.

लोकांनी संशय घेतलाच. इतक्या कमी भावात माल मिळतो म्हणजे फसवणूकच असणार, असं शिकागोच्या एका मोठ्या वर्तमानपत्राने १८७३मध्ये छापून टाकलं. पुढे चौकशी करून त्याच पत्राला आपले शब्द मागे घ्यावे लागले. आणि १८७५मध्ये वॉर्डने जाहीर केलं की माल पसंत पडला नाही तर पैसे परत. आज हे वाक्य दुकानाच्या पाटीवर गुळगुळीत झालंय. पण तेव्हा न पाहिलेल्या मालाला अशी हमी देणं ही मोठी गोष्ट होती. चित्राने दिलेलं वचन मोडलं तर मी भरून देईन, असा त्याचा अर्थ.

आता दुसऱ्या माणसाची गोष्ट ऐका. त्याचं नाव रिचर्ड सिअर्स. हा रेल्वे स्टेशनावर कामाला होता. १८८६मध्ये एका दुकानदाराने नाकारलेली घड्याळांची पेटी त्याच्या स्टेशनात पडून राहिली, ती त्याने विकली आणि त्याला धंद्याची गोडी लागली. हुशार माणूस, लिहिण्यात तर पटाईत. त्याची एक जाहिरात फार गाजली. १८८९च्या सुमारास खेड्यापाड्यांतल्या वर्तमानपत्रांत ती आली. एक सोफा आणि दोन खुर्च्या, छान गादी लावलेल्या, किंमत फक्त ९५ सेंट. एका डॉलरचे सेंट शंभर, म्हणजे डॉलरसुद्धा पुरा नाही. लोकांनी पैसे पाठवले. पार्सल आलं ते हातात मावेल एवढं. उघडलं तर आत सोफा होता, खुर्च्याही होत्या. पण बाहुलीच्या. जाहिरातीत बारीक अक्षरात ‘छोटेखानी’ अशा अर्थाचा एक शब्द होता, तो कुणी वाचलाच नव्हता.

हसू येतं ना? पण ज्या बाईने घरात पहिल्यांदा सोफा येणार म्हणून भिंत सारवून ठेवली असेल, तिला हसू आलं नसेल. आणि बघा, सिअर्स खोटं एक अक्षरही बोलला नव्हता. चित्रातली प्रत्येक गोष्ट पार्सलमध्ये होती. फक्त चित्राच्या बाजूला माप नव्हतं. आज आपल्या फोनवर नेमकं हेच चालतं. खेळण्याचा फोटो जवळून काढायचा, म्हणजे ते मोठं दिसतं. माप खाली कुठेतरी बारीक अक्षरात.

पण सिअर्सची गोष्ट इथे संपत नाही. त्याची कंपनी वाढली, तसं १८९५मध्ये ज्युलियस रोझेनवाल्ड नावाचा भागीदार आत आला. त्याने हिशोब मांडला. वर्णन फुगवलं की माल खपतो खरा, पण परत येतो. परत आलेल्या मालाचं भाडं पडतं, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. मग वर्णनं खरी करायला सुरुवात झाली. १९११मध्ये तर कंपनीने माल तपासायची स्वतःची प्रयोगशाळा काढली. खरं बोलणं हे नुसतं पुण्याचं काम नव्हतं, त्यात फायदा होता.

या पुस्तकांनी खेड्यातल्या घरांना काय दिलं, तेही सांगते. सिअर्सचं पुस्तक लोकांना सांगायचं की तुमच्या भाषेत लिहा, अक्षर वाईट असलं, चुकलं तरी चालेल, आम्ही समजून घेऊ. नव्याने त्या देशात आलेल्या आणि इंग्रजी न येणाऱ्या शेतकरी बाईला यात किती धीर असेल, विचार करा. काळ्या लोकांना तर गावच्या दुकानात सगळ्यांच्या मागे उभं राहावं लागे, खालचा माल गळ्यात मारला जाई, वर अपमान. पत्राला मात्र रंग नसतो. पत्र पाठवलं की सगळ्यांना तोच माल, तोच भाव. म्हणून कित्येक गावांत दुकानदार या पुस्तकांवर चिडले. काही ठिकाणी तर लोकांकडून पुस्तकं गोळा करून त्यांची होळी केली गेली.

गंमतही होती. असं सांगतात की सिअर्सने आपलं पुस्तक वॉर्डच्या पुस्तकापेक्षा मुद्दाम थोडं लहान आकाराचं केलं. का? तर घरातली बाई आवरताना मोठं पुस्तक खाली ठेवते आणि लहान वर. म्हणजे सिअर्सचं पुस्तक कायम वर. धंदेवाला माणूस बाईच्या हाताच्या सवयीपर्यंत पोचतो, तो असा. आणि नवीन पुस्तक आलं की जुनं मुलांना मिळायचं. मुली त्यातली माणसं कात्रीने कापून कागदी बाहुल्या करायच्या आणि त्यांना दुसऱ्या पानावरचे कपडे घालायच्या. ज्या घरात बाहुली घ्यायला पैसे नव्हते, त्या घरात बाहुलीचं चित्रच बाहुली झालं.

१८९६पासून तिकडे खेड्यातल्या घरापर्यंत टपाल येऊ लागलं. १ जानेवारी १९१३पासून सरकारी टपालाने मोठी पार्सलं न्यायला सुरुवात केली. तोवर जड सामान आणायला बैलगाडी नाहीतर घोडागाडी जोडून स्टेशनावर जावं लागायचं. पार्सल दारात येऊ लागलं आणि या धंद्याला पूर आला.

या पुरात एक वेगळाच व्यापारी तरला. आल्फ्रेड जॉन्सन स्मिथ. जन्म इंग्लंडचा, धंदा सुरू केला ऑस्ट्रेलियात, आणि १९१४मध्ये आला शिकागोला. याचं पुस्तक मुख्यतः पोरांसाठी. गमतीच्या वस्तू, जादू, कोडी, थट्टेची सामानं. हात मिळवला की समोरच्याच्या तळव्यात घुरघुरणारी चकती, बसलं की भलताच आवाज करणारी रबरी पिशवी, असली. किंमत थोड्या सेंटांत, म्हणजे पोराच्या खाऊच्या पैशात बसेल अशी. मुलांच्या चित्रकथांच्या मासिकांत त्याच्या जाहिराती असत. सुपरमॅनची पहिली गोष्ट १९३८मध्ये ज्या अंकात आली, त्याच्या मागच्या पानावरही त्याचीच जाहिरात होती.

त्या काळी अशा पुस्तकांतून एक नळी विकली जायची. हिच्यातून बघितलं की हाताची हाडं दिसतात, कपड्याच्या आरपार दिसतं, असा तिचा दावा. पोरांना वाटायचं, दवाखान्यातलं एक्सरे मशीनच खिशात मिळालं. आत काय असायचं? पक्ष्याचं पीस. भोकासमोर पिसाचा पातळ तुकडा लावलेला. पिसाच्या बारीक तंतूंतून उजेड येताना फाकतो, त्यामुळे एकाच बोटाच्या दोन प्रतिमा थोड्या सरकून दिसतात. त्या जिथे एकावर एक पडतात तो भाग काळसर दिसतो, कडा फिक्या दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, आत हाड दिसतंय. हाड नाही आणि काही नाही. पेन्सिल धरली तरी तिच्यातही हाड दिसेल.

आता ही फसवणूक म्हणायची की गंमत? मला वाटतं, दोन्ही. पोराचे थोडे पैसे गेले, पण पिसातून उजेड फाकतो हे कळलं असेल तर शिक्षण झालं. फरक रकमेचा आणि वयाचा आहे. मोठ्या माणसाने हजार रुपयांचं औषध, चरबी वितळवणारा पट्टा, केस उगवणारं तेल असंच चित्र पाहून मागवलं तर ती गंमत नाही. वर्णन जितकं अचाट, तितकं आत पीस असण्याची शक्यता जास्त, एवढं मनात धरा.

आपल्याकडेही हा मार्ग जुनाच आहे. आपल्या टपाल खात्याने व्ही.पी. सुरू केली १८७७मध्ये, आणि मनीऑर्डर १८८०मध्ये. व्ही.पी.ने मागवा, हे शब्द आपल्या आज्या-आजोबांना पाठ होते. पोस्टमन पार्सल घेऊन येणार, पैसे मोजून घेणार, मग पार्सल हातात देणार. म्हणजे पैसे आधी, उघडणं नंतर. आज कुरिअरवाला पोरगा येतो आणि कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतो, ते त्याच व्ही.पी.चं नवं रूप. पैसे दारात दिले म्हणून आपण सुरक्षित, असं समजू नका. खोक्यात काय आहे, ते तेव्हाही दिसत नव्हतं, आताही दिसत नाही.

मग मागवताना काय करायचं? चित्राच्या आधी माप वाचा. इंचात किंवा सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. घरातली फूटपट्टी नाहीतर शिलाईची टेप घेऊन तेवढं माप जमिनीवर धरून बघा. बाहुलीचा सोफा तिथेच कळेल. मग विकणारा कोण ते बघा. २०२०च्या सरकारी नियमांप्रमाणे फोनवर माल विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता, माल कुठल्या देशातला, परत घेणार की नाही, हे दाखवायला हवं. ते नसेल तर पुढे जाऊ नका. खेळणं असेल तर त्यावर आयएसआयचा शिक्का बघा. १ जानेवारी २०२१पासून आपल्या देशात खेळण्यांना तो सक्तीचा आहे. लहान पोर खेळणं तोंडात घालतं, त्यामुळे रंग आणि सुटे तुकडे यांचा प्रश्न खरा आहे. पार्सल उघडताना दुसरीला फोनवर व्हिडिओ काढायला सांगा. माल वेगळा निघाला तर तोच पुरावा. ग्राहक म्हणून तक्रार करायची तर नंबर आहे १९१५. आणि कुणी ऑनलाइन पैसेच लुबाडले तर लगेच १९३०. दोन्ही नंबर बैठकीच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवा.

हे झालं घेणारीचं. आता चित्राच्या पलीकडे जाऊ, करणारीकडे.

जर्मनीतच झोनेबर्ग नावाचं गाव आहे. एके काळी जगातल्या खेळण्यांचा मोठा वाटा या भागातून जायचा. इथल्या व्यापाऱ्यांनीही चित्रांची पुस्तकं काढली. १८३१चं एक नमुन्यांचं पुस्तक आजही जपून ठेवलेलं आहे, रंग हाताने भरलेले. पुस्तक सुंदर. पण ती खेळणी कोण करत होतं? आजूबाजूच्या खेड्यांतली कुटुंबं, आपापल्या घरात. कागदाचा लगदा साच्यात दाबून बाहुलीचं डोकं करायचं. एक घर डोकी करणार, दुसरं हातपाय, तिसरं कपडे शिवणार, जवळच्या गावात काचेचे डोळे होणार. बायका पाठीवर मोठ्या टोपल्या घेऊन तयार माल व्यापाऱ्याच्या दारात नेऊन टाकायच्या. मजुरी डझनावर. ती इतकी कमी की घरातली लहान मुलंसुद्धा रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली बसायची. जगातल्या मुलांसाठी खेळणी करणाऱ्या या मुलांना खेळायला वेळ नव्हता.

कसब मात्र अफाट. तिकडेच झायफेन नावाच्या डोंगरातल्या गावी लेथवर लाकडाची मोठी कडी कातायचे. बाहेरून बघितलं तर नुसत्या खाचा आणि फुगवटे. पण त्या कडीची उभी चकती कापली की आत घोडा निघायचा, किंवा गाय, किंवा हत्ती. अळूवडीचा उंडा कापल्यावर प्रत्येक वडीत तीच नक्षी निघते ना, तसं. एका कडीतून कितीतरी घोडे. कातणाऱ्याला घोडा दिसत नसताना आतला घोडा कळायचा.

एवढं असून गिऱ्हाइकाला कळायचं ते व्यापाऱ्याचं नाव. करणारणीचं नाव त्याच्यापर्यंत पोचायचंच नाही. आणि ज्याचं नाव नाही, त्याला भाव ठरवता येत नाही. दर कमी केला तरी बाई कुठे जाणार? तिला गिऱ्हाईक माहीत नाही आणि गिऱ्हाइकाला ती माहीत नाही. मधे व्यापारी एकटा दोघांनाही ओळखतो.

याच देशात एका बाईने वेगळं करून दाखवलं. तिचं नाव मार्गारेटे श्टाइफ. १८४७चा जन्म, गिंगेन गावात. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले, उजवा हात कमजोर. चाकाच्या खुर्चीत बसून ती शिवण शिकली. शिलाई मशीनचं चाक उजव्या हाताने फिरवता येईना, तर तिने मशीन उलटं फिरवून घेतलं आणि डाव्या हाताने चालवलं. १८७७मध्ये तिने फेल्ट कापडाच्या कपड्यांचं दुकान काढलं. फेल्ट म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, आपल्या घोंगडीच्या चुलत नात्यातलं. १८८०च्या सुमारास बायकांच्या एका मासिकात आलेल्या नमुन्यावरून तिने कापडी हत्ती शिवला. टाचण्या खोचायची उशी म्हणून. पण मुलांनी तो खेळायला पळवला. तिने ते पाहिलं, आणि हत्ती खेळणं म्हणूनच शिवायला लागली. १८८६मध्ये पाच हजारांवर हत्ती विकले गेले. १८९२मध्ये तिचा पहिला सचित्र कॅटलॉग निघाला. त्यात तिने धरलेलं तत्त्व असं, की मुलांना द्यायचं ते सगळ्यात चांगलंच असायला हवं.

पुढे तिच्या पुतण्याने हातपाय हलणारं अस्वल तयार केलं. १९०३च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने एकदम तीन हजार मागवली. माल गाजला की नकला निघतात. नकलाही चित्रात सारख्याच दिसतात. मग श्टाइफ कंपनीने १९०४पासून प्रत्येक खेळण्याच्या कानात धातूचं एक बटण ठोकायला सुरुवात केली. बटण आहे तर आमचं, नाही तर नाही. १९०७ साली एका वर्षात नऊ लाख चौऱ्याहत्तर हजार अस्वलं निघाली. कारखान्यात ४०० माणसं, आणि घरी बसून शिवणाऱ्या १८०० जणी. मार्गारेटे १९०९मध्ये गेली. ते बटण आजही कानात असतं.

झोनेबर्गच्या बाईचा हात मार्गारेटेच्या हातापेक्षा कमी नव्हता. फरक नावात होता. मार्गारेटेने चित्र स्वतः छापलं, वचन स्वतः दिलं आणि वस्तूवर स्वतःची खूण ठेवली.

म्हणून विकणाऱ्या मैत्रिणींना माझं सांगणं आहे. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, म्हणजे रंग खरा येईल. बाहुलीशेजारी एक हात किंवा वही ठेवा, म्हणजे आकार विचारावा लागणार नाही. फोटोतला नमुना जपून ठेवा आणि पाठवायची प्रत्येक वस्तू त्याच्याशी ताडून बघा. दहा जणींनी केलेल्या दहा बाहुल्या वेगवेगळ्या उंचीच्या असतील, तर वचन मोडलंच. प्रत्येक नमुन्याला नंबर द्या. लाल झग्यातली ती, असं सांगताना चुका होतात. भाव ठरवताना कापड आणि दोरा यांच्याबरोबर हाताचे तासही मांडा. तास धरले नाहीत, तर आपणच आपल्याला झोनेबर्गला नेऊन बसवलं असं होईल. परत घेणार की नाही, ते आधीच लिहा आणि तसंच वागा. आणि वस्तूवर गटाचं नाव शिवा. छोटी पट्टी, पण शिवलेली. कागदी चिठ्ठी मधला माणूस काढून टाकू शकतो, शिवलेली काढायला त्याला उसवावं लागतं.

एक कायद्याची गोष्ट. आयएसआयचा नियम खेळणी करणाऱ्यांनाही आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. म्हणून बाहुल्या विकायच्या असतील तर आधी कारागीर म्हणून नोंदणीची चौकशी करा, मग माल वाढवा. उलट क्रमाने केलं तर त्रास होतो.

या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. गटातल्या एकीने विकायला टाकलेला एक फोटो सगळ्यांना दाखवा, आणि तिथेच ती वस्तू मधोमध ठेवा. फोटो फिरवा, मग वस्तू फिरवा. प्रत्येकीला विचारा, फोटो पाहून तुला काय वाटलं होतं आणि हातात काय आलं? जिथे दोन्हीत फरक निघेल, तिथे फोटो तरी बदला नाहीतर वस्तू तरी सुधारा. काय निघालं ते केंद्रावर फोन करून कळवा, पुढच्या वेळी आपण त्यावर बोलू. तोवर रजा घेते. नमस्कार.